मुलाची उंची खुंटली, ग्रोथ हार्मोनचा खर्च कोण देणार? घरात कोणतं कार्ड आहे त्यानुसार कुठे जायचं, जाणून घ्या

छावणी (छत्रपती संभाजीनगर) : शाळेचा गणवेश दोन-दोन वर्षं तोच बसतो, धाकटं भावंड उंचीने पुढे जातं आणि घरचे म्हणतात, "वाढेल उशिरा." काही मुलं खरंच उशिरा वाढतात. पण काहींच्या शरीरात वाढीचं हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, पुरेसं तयार होत नाही. अशा मुलांना रोज रात्री कातडीखाली इंजेक्शन द्यावं लागतं, तेही अनेक वर्षं. महिन्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो. त्यामुळे गंगापूर, वैजापूर, पैठण, कन्नडकडच्या पालकांचा पहिला प्रश्न असतो : हे कोणत्या योजनेत बसतं?

घाई कशासाठी?

वयात आल्यावर हाडांची टोकं हळूहळू जुळून येतात. ती जुळली की इंजेक्शन देऊनही उंची वाढत नाही. म्हणून कागदपत्रांत गेलेलं वर्ष परत मिळत नाही. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतं. वाढ ४ सेंटीमीटरच्या आत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. मुलाची उंची त्यांच्याकडून मोजून घ्यावी आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावी. पुढे हीच नोंद पुरावा म्हणून कामाला येते.

आधी निदान, मग योजना

उंची कमी आहे एवढ्यावर कोणतीही योजना पैसे देत नाही. कमतरता कागदावर सिद्ध व्हावी लागते. थायरॉईड, रक्तक्षय, गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलियाक आजार यांची तपासणी आधी होते. यातलं काही निघालं तर त्याचाच उपचार पुरतो. त्यानंतर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात. मग हार्मोनच्या उत्तेजन चाचण्या आणि मेंदूचा एमआरआय. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणीही लागते. सुरुवात घाटी रुग्णालयाच्या बालरोग विभागातून करता येते.

कोणत्या कार्डावर काय मिळतं?

१) रेशन कार्ड : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ही योजना दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या, ठरवून दिलेल्या उपचारांवर चालते. घरी रोज टोचायचं इंजेक्शन त्या साच्यात बसत नाही. इथेच अनेक पालकांचे हेलपाटे होतात. मात्र हार्मोन कमी पडण्यामागे मेंदूतली गाठ असेल, तर तिच्या ऑपरेशनसाठी योजनेत विचारणा जरूर करावी. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं किंवा १५५३८८ वर फोन करावा.

२) ईएसआय कार्ड : वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीत कामाला असलेल्या पालकांनी आधी पगाराची स्लिप पाहावी. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. यात मुलंही येतात, ओपीडी आणि औषधंही येतात, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आपला ईएसआय नंबर मागून घ्यावा. सुरुवात ईएसआय दवाखान्यातून करावी, तिथून मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. सुपर स्पेशालिटी उपचारासाठी किती महिने वर्गणी भरलेली हवी, हे तिथेच विचारावं. बाहेरून औषध घेऊन नंतर बिल लावायचं, हा मार्ग परवानगीशिवाय धरू नये.

३) माजी सैनिकांचं ईसीएचएस कार्ड : या कार्डधारकांना छावणीतल्या पॉलिक्लिनिकमधून संलग्न रुग्णालयाची चिठ्ठी घेता येते. मुलाचं नाव कार्डावर अवलंबित म्हणून हवं. आजोबा माजी सैनिक असले तरी नातवाला लाभ मिळत नाही, हे लक्षात ठेवावं. वडील अजून नोकरीत असतील तर लष्करी रुग्णालयात दाखवावं.

४) खासगी मेडिक्लेम : बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. पॉलिसीत 'ओपीडी' आणि 'हार्मोन' हे दोन शब्द शोधावेत. फक्त तपासण्यांसाठी मुलाला भरती केलं तर तो क्लेम नियमानेच नाकारला जातो. नवी पॉलिसी घेताना आजार लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे.

यापैकी काहीच लागू नसेल तर?

केंद्र सरकारच्या मार्च २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनचा स्पष्ट उल्लेख आहे. सिद्ध झालेली हार्मोनची कमतरता, टर्नर, प्रॅडर-विली आणि नूनन सिंड्रोम यांसाठीचा हा उपचार धोरणाच्या दुसऱ्या गटात आहे. २०२२ पासून कोणत्याही गटातल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. त्यासाठी ठरवून दिलेल्या केंद्रातच जावं लागतं. महाराष्ट्रात असं केंद्र मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथले तज्ज्ञ मुलाला तपासून नोंदणी करतात. पैसे पालकांच्या खात्यात येत नाहीत, रुग्णालयामार्फत उपचार होतो. निदान झालेली फाईल घेऊन गेल्यास चकरा कमी होतात.

फाईलमध्ये हे असू द्या

- जन्माचा दाखला, आधार, रेशन कार्ड (तिन्हीवर जन्मतारीख व नाव सारखं हवं)
- जन्मावेळचं वजन दाखवणारा डिस्चार्ज पेपर
- किमान सहा महिने ते वर्षभराची उंची-वजनाची नोंद
- हाडांचं वय, उत्तेजन चाचण्या, एमआरआय यांचे मूळ रिपोर्ट आणि झेरॉक्स
- डॉक्टरांचं पत्र : आजाराचं नाव, मुलाचं वजन, रोजचा डोस, किती काळ द्यायचं

डोस वजनावर ठरतो. २० किलोच्या मुलाला दर किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम धरलं तर रोज ०.६, म्हणजे महिन्याला १८ मिलिग्रॅम औषध लागतं. वजन वाढलं की खर्चही वाढतो. त्यामुळे मंजुरी मागताना फक्त पहिल्या महिन्याचं बिल दाखवून भागत नाही.

क्लेम नाकारला तर

'नाही' हे उत्तर तोंडी घेऊ नये. पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार नाकारलं, ते लेखी मागावं. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

औषध मिळाल्यावर

इंजेक्शन २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावं. गोठलेलं औषध वापरू नये. गावात लाईट जात असेल तर बर्फाचा डबा तयार ठेवावा, पण बर्फ थेट औषधाला लागू देऊ नये. दर तीन महिन्यांनी उंची मोजून फाईलला जोडावी. मंजुरी पुढे चालू ठेवायची वेळ आली की इंजेक्शनचा उपयोग होतोय, हे त्या आकड्यांवरूनच दाखवता येतं.