तळघरातला माणूस: थर्मोस्टॅटचा मागोवा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या अध्यापक महाविद्यालयात १८८०च्या सुमारास वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, भट्टी तळघरात आणि वर्ग उबदार ठेवण्याची जबाबदारी शिपायावर. ठरावीक वेळाने तो प्रत्येक वर्गात शिरायचा, भिंतीवरचा तापमापक बघायचा आणि खाली जाऊन गरम हवेच्या झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्याचा विचका व्हायचा तो निराळाच. जॉन्सननी यावर जो तोडगा काढला, त्याचं पेटंट त्यांना १८८३मध्ये मिळालं. खोलीतलं तापमान हललं की वीजप्रवाह जुळायचा आणि तळघरात घंटा वाजायची.

या यंत्राने स्वतः एकही झडप हलवली नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. त्याने फक्त खालच्या माणसाला हाक मारली. तापमान आपोआप राखणारी यंत्रं त्याआधीही होती. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवण्याच्या पेटीची उष्णता पाऱ्याच्या हालचालीवर नियंत्रित केली होती. १८३०मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दोन धातूंच्या जोडपट्टीचं पेटंट घेतलं आणि ‘थर्मोस्टॅट’ हे नावही त्यानेच दिलं. पण अख्खी इमारत आणि ती सांभाळणारा माणूस यांच्यात तारेचा दुवा जोडला जॉन्सननी. आज ज्याला ‘स्मार्ट बिल्डिंग’ म्हणतात, त्या घराण्याचा मूळपुरुष मी या घंटेलाच मानतो.

१८८५मध्ये जॉन्सननी मिलवॉकीला कंपनी काढली. तीच पुढे जॉन्सन कंट्रोल्स झाली. त्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप उघडझाप करणारं यंत्र बनवलं. त्यांच्या कंपनीची वंशावळ पुढे हनीवेलपर्यंत जाते. हनीवेलचा १९५३चा गोल थर्मोस्टॅट अमेरिकेत घरोघरी पोचला. तो देखणा होताच, पण घरात यंत्र सांभाळायला वेगळा माणूस नसतो. म्हणून आपली गोष्ट मोठ्या इमारतींची.

मोठ्या इमारतींवर राज्य केलं ते दाबाच्या हवेने. तळघरात कॉम्प्रेसर आणि तिथून भिंतींच्या पोटातून मजल्यामजल्यावर गेलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. भिंतीवरच्या डबीत जोडपट्टी असायची. दोन धातू उष्णतेने सारखे फुगत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. ती वाकली की सुईच्या टोकाएवढ्या छिद्रावर दबते किंवा त्याच्यापासून दूर होते. छिद्र झाकलं की नळीतला दाब चढतो, उघडलं की उतरतो. दर चौरस इंचाला साधारण ३ ते १५ पौंडांच्या या चढउतारावर झडपेचा पडदा हलतो आणि वाफ किंवा गार पाणी कमीजास्त होतं. डबीत वीज नाही, ठिणगी नाही. अशा कित्येक जुन्या इमारती अजून चालू आहेत.

ही विद्या पुस्तकातून येत नसे, मिस्त्रीच्या हाताखाली राहून शिकावी लागे. डबीतून येणारी बारीक फुसफुस कानाने ओळखायची, दाबमापक लावून बघायचं, कॉम्प्रेसरमधलं पाणी वेळच्या वेळी काढायचं. ते राहिलं की तेल-पाणी नळ्यांत शिरायचं, छिद्रं बुजायची आणि एखादा मजला भर हिवाळ्यात भाजून निघायचा. भिंतीवर खोटे थर्मोस्टॅट बसवण्याची युक्तीही अशाच मंडळींची. त्यांना तार नाही की नळी नाही; नुसता काटा फिरवून तक्रार करणारा साहेब खूश. अमेरिकेतल्या तंत्रज्ञांनी ही गोष्ट हसत हसत कबूलही केली आहे.

१९७२मध्ये जॉन्सनच्या कंपनीने इमारतीसाठी छोटा संगणक बाजारात आणला. पुढच्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखलं आणि तोवर वीजबिलाकडे ढुंकूनही न पाहणारे मालक एकदम हिशेबाला बसले. रात्री पंखे बंद करणं आणि सकाळी लोक येण्याआधी सुरू करणं, एवढ्यावरच संगणकाची किंमत वसूल होण्यासारखी होती. तळघरातला माणूस वर येऊन काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसला.

त्याच्या पेशाला नाव आणि संघटना मात्र भलत्याच दारातून मिळाली. हर्मन मिलर ही फर्निचर बनवणारी कंपनी. कचेऱ्यांत हलत्या पार्टिशनची टेबलं तिनेच रूढ केली. टेबलं हलली की तारा, दिवे आणि हवेचे झरोके सगळंच हलवावं लागतं. वर टेबलाटेबलावर संगणक येऊ घातलेला. हे सगळं एका हाताखाली कुणी सांभाळायचं, यावर कंपनीने १९७८मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे परिषद भरवली. तिथल्या ओळखींतून १९८०मध्ये ह्यूस्टनला फॅसिलिटी मॅनेजरांची संघटना उभी राहिली आणि दोन वर्षांत ती आंतरराष्ट्रीय झाली. तिची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली १९९२मध्ये.

पण प्रमाणपत्र कसलं? त्या काळात प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्याच भाषेत बोलायचा, दुसऱ्याला ओळख दाखवायचा नाही. त्यामुळे माणसाचं शिक्षण म्हणजे एका कंपनीच्या पडद्यावरची बटणं पाठ करणं. इमारत बदलली की निम्मी विद्या कुचकामी. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७मध्ये एक समिती बसली आणि सगळ्या यंत्रांना समजेल अशी बॅकनेट ही सामाईक भाषा १९९५मध्ये प्रमाणित झाली. या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात उपकारक काम मला हेच वाटतं. यंत्र कुणाचंही असलं तरी माणूस आपलं ज्ञान बरोबर नेऊ शकेल, अशी सोय त्यामुळे झाली.

पुढचा पल्ला भराभर गाठला गेला. अ‍ॅमस्टरडॅममधल्या ‘द एज’ या कार्यालयात सुमारे २८,००० सेन्सर आहेत. आणि २०१३मध्ये दोन सुरक्षा-संशोधक गूगलच्या सिडनी कार्यालयाच्या इमारत-नियंत्रण प्रणालीत बाहेरून जाऊन बसले. सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती तेव्हा उपलब्ध होती, ती तिथे चढवलेली नव्हती. कॉम्प्रेसरमधलं पाणी काढायला विसरण्याचाच हा नवा अवतार.

काम इतकं पसरल्यावर अमेरिकेच्या सरकारने २०१०मध्ये थेट कायदाच केला. सरकारी इमारती चालवणाऱ्यांना काय काय यायला हवं ते ठरवा, तसे अभ्यासक्रम सांगा आणि ती यादी दरवर्षी ताजी करा. यातला मार्मिक भाग असा, की हा कायदा ठेकेदाराच्या माणसांनाही लागू होतो.

आपल्याकडे यंत्रांची वानवा नाही. हनीवेलची भारतीय कंपनी पुण्यात हडपसरला आहे, आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड आहे. मात्र बीएमएसच्या, म्हणजे इमारत-नियंत्रण प्रणालीच्या, खोलीत रात्रपाळीला बसलेला मुलगा बहुधा ठेकेदाराचा असतो आणि त्याचं प्रशिक्षण म्हणजे जुन्या ऑपरेटरने जाता जाता सांगितलेलं. एएचयूच्या, म्हणजे मजल्यावर हवा पोचवणाऱ्या यंत्राच्या, पॅनलवर एक छोटा स्विच असतो: हँड, ऑफ, ऑटो. चौथ्या मजल्यावरून उकाड्याचा फोन आला की कुणीतरी खाली जाऊन तो ‘हँड’ला टाकतं. पंखा सुरू होतो, तक्रार मिटते आणि स्विच तसाच राहतो. पडद्यावर एएचयू चालू दिसतो, पण संगणकाने दिलेली बंदची आज्ञा त्याच्यापर्यंत पोचत नाही. रविवारीही तो रिकाम्या मजल्यावर हवा फेकत राहतो. अलार्मच्या यादीत ‘आज्ञा आणि स्थिती जुळत नाही’ अशी एक ओळ येते; शेकडो ओळींच्या खाली ती कुणी वाचत नाही. लॉगबुकात ‘४था मजला ओके’ एवढंच.

आणि किती अंशांवर ‘ओके’ म्हणायचं? कचेरीतल्या आरामाचं गणित डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७०मध्ये मांडलं, ते मुख्यतः डॅनिश आणि अमेरिकन कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून. भारतीय कचेऱ्यांत माणसांना काय सोसवतं, याचा अभ्यास अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला अशा पाच शहरांत केला. बाहेरच्या ऋतूनुसार आतलं तापमानही सरकू द्यावं, असं त्यातून निघालं आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलंही. भाडेकरूशी झालेल्या करारात मात्र अजून ‘२२ अधिक-उणे १’ लिहिलेलं सापडतं. तो आकडा २५ केला तर काय होईल, हे पाळीवरच्या चांगल्या ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं. सेट पॉइंट, म्हणजे यंत्राने राखायचं तापमान, बदलण्याचा पासवर्ड त्याला दिलेला नसतो आणि करार ज्या बैठकीत ठरतो तिथे त्याला बोलावत नाहीत.