रस्ता निवांत का असतो?

गेल्या माघात आम्ही तिघे सायकलींवर खोडाळ्याहून सूर्यमाळकडे निघालो होतो. दीड तासात एक एस.टी. आणि दोन मोटारसायकली एवढीच वाहने भेटली. दोन्ही बाजूंना भात कापून गेलेली खाचरे, वर उतारांवर नागली-वरईच्या मोकळ्या जागा, सागाची वाळलेली पाने आणि एखाद्या पाड्यावरून येणारा कोंबड्याचा आवाज. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी फ्रान्सच्या मध्यभागातील ओव्हेर्न्यच्या डोंगराळ प्रदेशात आठ दिवस सायकल चालवली होती. एका वळणावर तो पाय टेकून थांबला आणि म्हणाला, "हुबेहूब तेच. तिथेही असाच रस्ता, असाच शुकशुकाट."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. दोन रस्ते सारखेच निवांत असतील तर त्यांचा निवांतपणाही एकच असतो काय? वाहनांची वर्दळ हा इतिहासाचा परिणाम आहे असे आपण सहज मान्य करतो. शांतता मात्र आपल्याला निसर्गदत्त वाटते, जणू ती डोंगराबरोबरच निर्माण झाली असावी. आमच्या मते ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

प्रथम फ्रान्सचे पाहू. सायकल आणि फ्रान्स म्हटले की साहित्याच्या विद्यार्थ्याला रोलाँ बार्थ आठवतो. 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) त्याने 'टूर द फ्रान्स' या शर्यतीकडे महाकाव्य म्हणून पाहिले आणि तिच्या वाटेतल्या पर्वतांना पात्रांचा दर्जा दिला. पण त्या देशात सायकलीची दुसरी, शर्यतीबाहेरची परंपराही आहे. पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) हा तिचा मोठा पुरस्कर्ता. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो ओळखला जाई आणि सेंट एतियेनहून 'ल सिक्लिस्त' नावाचे नियतकालिक चालवी. सायकल जिंकण्यासाठी नव्हे, तर देश पाहण्यासाठी चालवावी, आणि डोंगर चढायचा तर सायकलीला गिअर हवेत, हा त्याचा आग्रह. 'टूर'चा जनक आंरी देग्रांज याला गिअर हे दुबळ्यांचे साधन वाटे. त्याच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला १९३७ पर्यंत मज्जाव होता. या वादाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावे लागणार आहे.

व्हेलोसिओसारखे प्रवासी ज्या आडरस्त्यांवर रमले, त्या रस्त्यांमागे एक कायदा उभा आहे. १८३६ च्या कायद्याने गावांना जोडणाऱ्या स्थानिक रस्त्यांची जबाबदारी त्या त्या गावावर टाकली आणि त्यासाठी रहिवाशांकडून वर्षाकाठी तीन दिवसांपर्यंतचे श्रम, किंवा त्यांच्या बदली पैसे, घेण्याची मुभा दिली. राज्यक्रांतीपूर्वी 'कोर्व्हे' नावाची वेठ होतीच. नव्या व्यवस्थेत ती सौम्य आणि मर्यादित होऊन परतली असे म्हणता येईल. यूजेन वेबर या इतिहासकाराने 'पीझन्ट्स इंटू फ्रेंचमेन' (१९७६) या ग्रंथात रस्ते, शाळा आणि सैन्य यांनी तिथल्या खेडुताला 'फ्रेंच' कसे बनवले ते विस्ताराने मांडले आहे. पण झाले असे, की रस्ता आला आणि त्याच रस्त्याने खेडूत शहराकडे निघून गेला. पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचा स्तंभ तर तिथे जवळपास प्रत्येक गावात दिसतो. रस्त्यांचे दाट जाळे मागे उरले, वापरणारे विरळ झाले. ओव्हेर्न्यमधला निवांतपणा हा असा: माणसे भरपूर असताना बांधलेल्या आणि माणसे निघून गेल्यावर उरलेल्या रस्त्यांचा.

जव्हार-मोखाड्याची गोष्ट जवळपास उलटी आहे.

हा प्रदेश मुळात आडबाजूचा नव्हता. कोकणपट्टीतून घाट चढून त्र्यंबक-नाशिककडे जाणाऱ्या जुन्या वाटा याच मुलखातून जात. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळच्या शिरपामाळावर पडला आणि इथल्या राजाने त्यांना शिरपेच अर्पण केला, असे स्थानिक परंपरा सांगते. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले, तेही सुरतेकडची वाट हाती असावी म्हणूनच. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान पुढे विसाव्या शतकापर्यंत टिकले. त्याचा विस्तार सुमारे ३१० चौरस मैल, आणि १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास.

फिरले ते १८६० च्या दशकात. एक रेल्वेमार्ग कसाऱ्याहून थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला पोहोचला. दुसरा मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने वसई, पालघर, डहाणू करीत गुजरातेत गेला. या दोन रुळांच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर जव्हारचे पठार तसेच राहून गेले. पुढे आग्रा आणि अहमदाबादकडे जाणारे मोठे रस्ते साधारण रेल्वेच्याच दिशांनी विकसित झाले. भरीस भर म्हणजे सरहद्द. जव्हार संस्थानी, तर शेजारचा मोखाडा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा एक महाल. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या दोन शेजाऱ्यांवर दोन वेगळी राज्ये होती. ज्याला आपण 'दुर्गम' म्हणतो ते पुष्कळदा असे घडवलेले असते. भूगोल त्याला निमित्त पुरवतो.

आणि वेठ? ती इथेही होती, सौम्य तर मुळीच नव्हती. सावकार-जमीनदारांच्या शेतांवर आणि जंगलातल्या कामांवर वारली-आदिवासींना राबवले जाई. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर डहाणू-उंबरगाव भागात वेठीविरुद्ध उठाव सुरू झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. आज आम्ही सायकलवाले विक्रमगडहून जव्हारकडे चढू लागतो, त्याच टापूतले हे गाव. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' बहुतेक वाचकांनी वाचलेले असेल. या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते अभ्यासक्रमांत लागले, पण ते पायी लिहिलेले पुस्तक आहे याकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. पाड्यापाड्यांवर चालत गेल्याखेरीज ते लिहिता आलेच नसते. मराठीतील प्रवासाची मोठी परंपरा पायांचीच आहे: गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या, वारी घ्या किंवा परिक्रमा. सायकलीने आपल्या गद्याला तसे फारसे काही दिलेले नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला आपण 'घाटाचा राजा' म्हणतो, हे आपले त्यातल्या त्यात बार्थीय योगदान. असो.

मग या डोंगरांत डांबर केव्हा आले? महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. राज्यातील कित्येक ग्रामीण रस्त्यांची माती आणि खडी या योजनेवरची. डिसेंबर २००० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजना आली आणि आदिवासी भागांत अडीचशे वस्तीची गावेही तिच्या कक्षेत धरली गेली. सूर्यमाळच्या वाटेवर चहाच्या टपरीत एक वयस्क बाई भेटल्या. आम्ही रस्त्याचे कौतुक करताच त्यांनी शांतपणे सांगितले, की याची खडी त्यांनी आणि त्यांच्या जावेने फोडली होती, तेव्हा थोरली मुलगी पाटीत झोपलेली असे. त्यांचे मुलगे कुठे आहेत, हे आम्ही विचारले. उत्तर आले: "जगायला गेलेत."

हा शब्दप्रयोग या भागातला आहे आणि त्यावर वेगळे भाष्य नको. भात झोडून झाले की दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही होळीला येऊन जातात, बाकीची पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे सायकलवाल्यांना जो ऋतू सर्वांत सुखाचा, कार्तिक ते फाल्गुन, नेमका तोच गावे रिकामी होण्याचा. आम्हांला भेटलेला शुकशुकाट डोंगराचा नव्हता. ती गैरहजेरी होती, आणि गैरहजर माणसांचा पत्ता आम्ही राहतो त्या शहरांच्या कडेला होता. पाण्याचेही तेच. याच मोखाड्यातले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

मुख्य रस्ता आता निवांत राहिलेला नाही. त्र्यंबकेश्वर-मोखाडा-जव्हार-विक्रमगड-मनोर हा राष्ट्रीय महामार्ग झाला. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, आणि ते बंदर समृद्धी महामार्गाला जोडणारा सुमारे १०५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग विक्रमगड, जव्हार, मोखाडा याच तालुक्यांतून आखला गेला आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्याला वळसा घातला, तो मुलूख आता एकदम वाटेत आला. आमच्यासारख्यांना याचे वाईट वाटते. त्या टपरीतल्या बाईंना वाटेलच असे नाही, आणि त्यांचे पुत्र त्यामुळे घरी राहतील असेही कोणी खात्रीने सांगू शकणार नाही.

परतताना खोडाळ्याच्या अलीकडे शाळा सुटली होती. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. तशा एका सायकलीचे मागचे चाक बसले होते आणि तिची धनीण ती हातात धरून चालली होती. निवांत रस्त्यावर पंक्चरचे दुकान नसते. आमच्याजवळ सामान होते, पंधरा मिनिटांत ठिगळ लागले. तिने विचारले, "काका, तुमच्याकडे मोटारसायकल नाय का?" आम्ही हसलो. मग ती आमच्याबरोबर अर्धा किलोमीटर भरधाव आली. पुढे चढ लागला. तिच्या सायकलीला गिअर नव्हते. ती उतरली, नेहमीच्या सवयीने हँडल धरून चालू लागली, आणि आम्हांला हाताने पुढे जाण्याची खूण केली.