बंदुकीचं लायसन आणि जंगलाचं फाटक

पावसाळा सरला की आपल्या जिल्ह्यातल्या पोरांच्या ग्रुपवर कॅम्पिंगचे बेत सुरू होतात. ज्ञानगंगा, अंबाबरवा, लोणार, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याचं एखादं धरण. तंबू कोण आणणार, गाड्या किती, भाकरी कुठून बांधून घ्यायच्या, सगळं ठरतं. आणि कुणीतरी हमखास लिहितं : "तिकडं अस्वलं लई आहेत भाऊ. काकांची बंदूक घेऊ सोबत. लायसनची हाय."

खाली दहा-बारा अंगठे पडतात. विषय संपतो.

मला त्या "लायसनची हाय" वरच लिहायचंय. या शब्दांना आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. या काळात लायसनचा अर्थ दोनदा बदलला, आपल्या डोक्यात मात्र पहिलाच अर्थ बसलेला आहे. म्हणून पोस्ट जरा लांब होईल. निवांत वाचा.

सुरुवात इंग्रजांपासून. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला. कागदावर मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे सरकारी हुकूम काढून लावले जात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशभर हत्यारं गोळा करायला घेतली. पण खरा पक्का बंदोबस्त केला तो व्हाइसरॉय लिटनने, १८७८ च्या मार्च महिन्यात. त्याच महिन्यात त्याने दोन कायदे आणले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा, दुसरा हत्यारांचा. लेखणी आणि बंदूक, दोन्हींची भीती एकदमच वाटली म्हणायची.

हत्यारांच्या कायद्यात डाचणारी गोष्ट म्हणजे सूट. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागायचा, युरोपियन माणसाला लागत नसे. खिताबवाल्या, सरकारच्या मर्जीतल्या काही हिंदी लोकांनाही सवलत होती. म्हणजे बंदूक कुणाकडे असावी हे गरजेवर ठरत नव्हतं, सरकारचा कुणावर भरवसा आहे त्यावर ठरत होतं. गावात एखाद्या देशमुखाच्या, पाटलाच्या भिंतीवर बंदूक लटकलेली असली, तर तो त्याचा मान. बाकीच्यांनी रानडुकरं हाकायला गोफण घ्यावी, डबा वाजवावा, माळ्यावर बसून जागल करावी.

हा लायसनचा पहिला अर्थ : मान. "आमच्या घरी लायसनची बंदूक आहे" हे वाक्य आजही ज्या सुरात म्हटलं जातं, तो सूर तिथून आलाय.

या भेदभावाचा राग सगळ्या देशाला होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचं पत्रक काढलं तेव्हा, अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सगळ्यांत काळ्या कृत्यांत मोजला. पुढे १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव झाला. नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही त्यात होता.

मग आपली राज्यघटना लिहायची वेळ आली. १९४८ च्या डिसेंबरात स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा सुरू असताना हरि विष्णु कामथ उभे राहिले. हे कामथ घटना समितीत कुठून गेले होते? मध्यप्रांत आणि वऱ्हाडातून. म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा आपला बुलडाणा होता, तिथून. त्यांनी दुरुस्ती मांडली, की कराचीच्या ठरावाप्रमाणे नियमांना धरून शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : तो ठराव झाला तेव्हा राज्य परक्याचं होतं आणि त्याने आपल्याला शस्त्र नाकारलं होतं. ती परिस्थिती आता राहिली नाही. उद्या ज्याला त्याला बाजारात जाऊन वाटेल ते शस्त्र घ्यायचा हक्क दिला, तर राज्य चालणार कसं? दुरुस्ती पडली. घटनेत शस्त्रांचा उल्लेख आला तो उलट बाजूने. कलम १९ मध्ये आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि शस्त्रांशिवाय.

अमेरिकेत बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क आहे. तिथल्या कॅम्पिंगचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं कमरेला काय लटकवायचं याच्या गप्पा मारतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे हा हक्क नाही. तो द्यावा का यावर रीतसर चर्चा झाली आणि तो नाकारला गेला.

त्यानंतर आला १९५९ चा शस्त्र कायदा. तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून, आणि त्याने लायसनचा अर्थ बदलला. आता सवाल "तू कोण?" हा राहिला नाही, "कशाला पाहिजे?" हा झाला. या कायद्यात शेतकऱ्यासाठी खास जागा आहे. खरोखरच्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा अर्ज कलम १३ प्रमाणे वेगळ्या, सोप्या रांगेत येतो. त्याला पिस्तूल मागणाऱ्यासारखं खास कारण पटवावं लागत नाही, पीक हेच कारण. जिथे ठासणीच्या बंदुकीने भागत नाही, तिथे दुसरी साध्या नळीची बंदूक देण्याचीही सोय ठेवली आहे.

हा दुसरा अर्थ : कारण. लायसन हे एका कामासाठी, एका माणसाला, ठरलेल्या क्षेत्रात दिलेलं असतं. घरी असेल तर पुस्तक उघडून बघा, हेतू आणि क्षेत्र लिहिलेलं सापडेल. पीकरक्षणाची बंदूक वावरासाठी आहे. रोही आणि डुकरं मक्याचं, हरभऱ्याचं काय करतात हे ज्याने बघितलंय त्याला तिची गरज समजावून सांगावी लागत नाही. पण तंबूच्या राखणीला ती दिलेली नाही.

आणि "काकांची" बंदूक तर मुळीच नाही. परवाना काकांच्या नावाचा आहे. बिनपरवान्याच्या माणसाला ती हातात धरता येते ती मोजक्या कारणांसाठीच : दुरुस्तीला न्यायची, लायसनच्या नूतनीकरणाला न्यायची, किंवा खुद्द काकांच्या वापरासाठी वाहायची. तीही काका हजर असताना किंवा त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर. पुतण्याने गाडीच्या डिकीत टाकून नेली, तर ती कायद्याच्या नजरेत बिनपरवान्याची बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद आहे. बंदूक हवाली करणारे काकाही सुटत नाहीत.

तिसरा अर्थ आणला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही आपली दोन्ही अभयारण्यं १९९७ सालची. ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटर. अंबाबरवा सातपुड्यात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. लोणारचं विवर आणि सरोवर हेसुद्धा अभयारण्यच आहे, हे तर पुष्कळांच्या गावीही नसतं. कलम ३१ सांगतं, की मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या आगाऊ लेखी परवानगीशिवाय कुणीही अभयारण्यात शस्त्र घेऊन जायचं नाही. इथे कलेक्टर ऑफिसचं लायसन दाखवून भागत नाही. फाटक वेगळं, परवानगी वेगळी.

बरं, या कायद्यात शस्त्र म्हणजे काय? बंदूक आणि काडतुसं आहेतच. धनुष्यबाण, स्फोटकं, गळ, जाळं, फास, सापळा, विष, आणि चाकू. हो, चाकू. ऑनलाइन मागवलेला तो दातेरी, कंपास लावलेला "सर्व्हायव्हल नाइफ" पण यात आला. एअरगनला लायसन लागत नाही म्हणून ती नेणारे आहेत. तिच्या ठरावीक ताकदीपर्यंत लायसन लागत नाही हे खरं, पण जनावराला इजा करू शकणारं कुठलंही साधन या व्याख्येत बसतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. "अस्वल अंगावर आलं तर जीव वाचवायचा का कायदा बघायचा?" हा सवाल रास्त आहे. जीव वाचवताना जनावर मेलं तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा होत नाही. पण त्याला एक पाचर आहे. त्या वेळी तुम्ही याच कायद्याचा भंग करत असाल, तर ही सूट तुम्हाला नाही. म्हणजे विनापरवाना बंदूक घेऊन अभयारण्यात शिरलात आणि अस्वलावर गोळी झाडावी लागली, तर "जीव वाचवला" हे उत्तर चालणार नाही. ज्या बंदुकीवर तुमचा भरवसा होता, तिनेच तुमचा बचाव काढून घेतला.

ही जनावरं म्हणजे नुसती भीतीची बाब नाही, हेही ध्यानात घ्या. २०१९ साली टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ यवतमाळ, तेलंगणा, नांदेड, हिंगोली, वाशिम असा शेतातून, नाल्यातून चालत डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगेत येऊन पोचला. रेडिओ कॉलरवरून त्याची सगळी वाट नोंदली गेली, एकूण ३००० किलोमीटरच्या वर. एवढ्या वाटेत एक घाबरलेला हात पुरला असता. तो जित्ता पोचला, याचं थोडं श्रेय वाटेतल्या शेतकऱ्यांनाही द्यायला पाहिजे.

इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. शस्त्रांच्या या यादीत फास आहे. आपल्याकडच्या फासेपारध्याचं पिढ्यानपिढ्यांचं साधन तेच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र लोकांच्या नजरेत राहिला. मग वन्यजीव कायद्याने शिकारच बंद झाली आणि पोटाचं साधन गुन्ह्याचं साधन ठरलं. जंगल वाचवायला ते लागत होतं, मान्य. पण त्यांना सोडावी लागली ती भाकर. आपल्याला सोडायची आहे ती फक्त एका रात्रीची हौस. पारध्याच्या झोळीतला फास दिसला की आपणच फोन फिरवतो, आणि आपल्या डिकीतल्या बंदुकीला "सेफ्टी" म्हणतो. १८७८ चा भेदभाव इंग्रजांबरोबर गेला, असं मग कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणखी एक हिशेब करा. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्या टापूत नवं लायसन मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आगाऊ संमतीशिवाय मिळत नाही. परवान्याच्या अटी मोडल्या तर लायसन रद्द करता येतं. म्हणजे ज्ञानगंगेच्या काठच्या गावातल्या काकांची बंदूक तुमच्या कॅम्पिंगपायी गेली, तर ती सहजी परत यायची नाही. तुम्ही फोटो टाकून नोकरीवर पुण्याला निघून जाल. डुकरं काकांच्या वावरात येतील.

तर निघण्याआधी एवढं करा :

१. बंदूक, काडतुसं, एअरगन, गलोल, मोठा चाकू घरी ठेवा. कांदा चिरायची सुरीसुद्धा फाटकावर दाखवा आणि विचारून घ्या.

२. बोथ्याचा रस्ता अभयारण्यातून जातो. सार्वजनिक रस्त्याने जायला मुभा आहे, पण कलम ३१ मध्ये रस्त्यासाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. कामानिमित्त लायसनची बंदूक न्यायचीच असेल, तर आधी वनखात्याला विचारा.

३. अभयारण्याबाहेरही बंदूक उघडी मिरवायची नाही, हौसेखातर बार काढायचा नाही. लग्नात, वरातीत बेफिकिरीने काढलेल्या बारालाही २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

४. सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई हुकूम निघतात. तेव्हा साधी काठीसुद्धा अडचणीत आणू शकते. जिल्हा प्रशासनाची सूचना बघूनच तारीख ठरवा.

५. मुक्काम वनखात्याने परवानगी दिलेल्या जागीच. चूल पेटवण्याआधी विचारा, निघताना विझवा.

६. अस्वलाची भीती असेल तर अंधारात फिरू नका, गटाने राहा, बोलत चाला, आणि गावातला वाटाड्या सोबत घ्या. कुठल्या नाल्याला अस्वलाचा वावर आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याला चार पैसेही मिळतील.

ज्यांच्या वावराला खरंच डुकरांचा, रोह्यांचा त्रास आहे त्यांनी रीतसर अर्ज करावा, नुकसानभरपाई मागावी, आणि ऑफिस दाद देत नसेल तर आपण सगळ्यांनी मिळून विचारावं. ते भांडण खरं आहे आणि त्यात मी शेतकऱ्याच्या बाजूने आहे. पण पीकरक्षणाच्या बंदुका कॅम्पिंगला फिरताना दिसल्या, तर उद्या खऱ्या अर्जदाराकडे संशयाने बघायला ऑफिसला आयतं कारण मिळेल.

तुमच्या ग्रुपवर "लायसनची हाय" असं कुणी लिहिलंच, तर त्याला एवढंच विचारा : कुणाच्या नावाची, कशासाठी, आणि कुठपर्यंत?