कातारिना होफ्ट व तिची दाई

डच चित्रकार फ्रान्स हाल्स (सु. १५८२–१६६६) याचे प्रसिद्ध बालव्यक्तिचित्र. कॅनव्हासवर तैलरंगात रंगविलेले हे चित्र (८६ × ६५ सेंमी.) सु. १६१९–२० मधील असून ते बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या कलासंग्रहालयात आहे.

सतराव्या शतकात हॉलंडमधील शहरांची सत्ता मुख्यतः धनाढ्य व्यापारी घराण्यांच्या हाती होती. जहागिरी विकत घेऊन यांतील काही घराणी उमरावांच्या पंक्तीला बसली. अशा घराण्यांत व्यक्तिचित्र हे प्रतिष्ठेचे साधन मानले जाई. होफ्ट हे अ‍ॅम्स्टरडॅममधील असेच एक मातबर घराणे. कातारिनाचा जन्म १६१८ च्या डिसेंबरात झाला. म्हणजे चित्रातील तिचे वय जेमतेम एक-दीड वर्षाचे आहे.

तिचा पोशाख प्रौढ स्त्रीच्या पोशाखाची लहान आवृत्तीच होय. सोनेरी छटेचे नक्षीदार कापड, लेसची टोपी व गळपट्टी आणि हातातील घुंगरांचा खुळखुळा यांतून घराण्याची श्रीमंती दिसते. लेसची बारीक वीण हाल्सने काटेकोरपणे टिपली आहे. दाईचा पोशाख मात्र काळा व साधा आहे. ती बालिकेपुढे सफरचंद धरीत असतानाच बालिकेचे लक्ष कोणीतरी वेधून घ्यावे, तसा क्षण येथे पकडला आहे. बालिका मंद हसत थेट प्रेक्षकाकडे पाहते. तत्कालीन औपचारिक व्यक्तिचित्रांतील ताठरपणा यामुळे नाहीसा झाला असून, वस्त्रांतील डौल आणि मुद्रेवरील निरागसपणा यांचा मेळ हे या चित्राचे वैशिष्ट्य ठरले आहे.

१६३५ मध्ये कातारिनाचा विवाह कॉर्नेलिस द ग्राफ (१५९९–१६६४) याच्याशी झाला. तो पुढे अ‍ॅम्स्टरडॅमचा नगराध्यक्ष व हॉलंडच्या राजकारणातील एक प्रभावी पुरुष म्हणून गाजला. आजोळच्या ओव्हरलांडर घराण्याकडील पुर्मरलांट व इल्पेंडाम येथील जहागीर कालांतराने कातारिनाकडे आली. १६९१ मध्ये तिचे निधन झाले. हे चित्र दीर्घकाळ इल्पेंडाम येथील इल्पेनस्टाइन या गढीत होते. १८७२ मध्ये तेथील संग्रहाचा लिलाव झाला. त्यानंतर ते झुअरमोंट संग्रहात आले व १८७४ मध्ये त्या संग्रहाबरोबर बर्लिनला गेले.

निकोलास एलियास पिकेनॉय याने १६३६ मध्ये रंगविलेले नवविवाहित कातारिनाचे पूर्णाकृती चित्रही याच संग्रहालयात आहे. तेथे ती एकटी, भारदस्त पोशाखात उभी आहे. एकाच व्यक्तीची बाल्य व तारुण्य या दोन अवस्थांतील चित्रे अशी एकत्र पाहावयास मिळणे दुर्मिळच. कातारिनाचे जन्म, विवाह, वारसा व मृत्यू यांची नोंद इतिहासात आहे. तिला कडेवर घेणारी दाई मात्र चित्राच्या नावातही केवळ तिच्या कामावरून ओळखली जाते. तरीही चित्रचौकटीत हाल्सने तिला बालिकेच्या बरोबरीचे स्थान दिले असून तिचा चेहराही तितक्याच आस्थेने रंगविला आहे.