भिवंडीचा सब्र

१८५७च्या उठावानंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे आले. भिवंडीत कोकणी मुसलमान आधीपासूनच नांदत होते. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आला. मोमीन मागवाला, गुजराती-मारवाडी सूतव्यापारी, तेलंगणातला पद्मशाली कारागीर आणि उत्तरेकडचा कामगार, यांतला एक जरी थांबला तरी कापड थांबते, असे हे गाव.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली आणि भिवंडी जळाली. लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्या. मादन आयोगाने चौकशी केली. अहवाल आला, पण १९८४च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली, आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली.

आपल्या घरांत अशा वेळी एकच शब्द उच्चारला जातो : सब्र. मुकाट सोसणे एवढाच त्याचा अर्थ आपल्यातले पुष्कळजण लावतात. आम्हांला तो पटत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशेजारी दर पंधरवड्याला, महिन्याला सतरंजीवर बसायचे, गटार आणि नळाच्या तक्रारींपासून बोलायला लागायचे, याला सोसण्यापेक्षा मोठा सब्र लागतो. ईमान असलेला माणूसच तो धरू शकतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

१९८८मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, सुमारे ७०. प्रत्येकीत हिंदू आणि मुसलमान समसमान. पुढाऱ्यांना त्यांनी लांबच ठेवले. रिक्षावाला, दुकानदार, मागवाला अशी साधी माणसे घेतली. मुख्य म्हणजे बैठका शांततेच्या काळात होत. (दंगल झाल्यावर शांतता समिती बोलावणे म्हणजे घर जळल्यावर विहीर खणणे.) हवालदाराला गल्लीतली माणसे नावानिशी कळू लागली, आणि गल्लीला हवालदार.

डिसेंबर १९९२मध्ये बाबरी मशीद पडली. मुंबई पेटली, हाकेच्या अंतरावरची भिवंडी पेटली नाही. श्रेय खोपड्यांना मिळाले, ते रास्तच. पण बैठकीला येऊन बसणाऱ्यांची नावे कुठल्याही इतिहासात नाहीत. आपल्याच मोहल्ल्यात ‘पोलिसांचा माणूस’ हा टोमणा खाऊन ते पुढच्या बैठकीला जात.

जुलै २००६मध्ये कोटरगेटला पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा झाला. पोलीस गोळीबारात दोन मुसलमान तरुण गेले, जमावाने दोन पोलिसांना मारले. या वेळी भांडण हिंदू-मुसलमानांचे नव्हते, ते मोहल्ला आणि पोलीस यांच्यातले होते. नेमके हेच दोघे एकेकाळी महिन्याच्या महिन्याला एका सतरंजीवर बसत होते.