एसी पंपावरचं ओलं फडकं

१९८१ साली दादरच्या एका गल्लीत वस्तादांच्या हाताखाली लागलो, तेव्हा गॅरेजात निम्म्याहून जास्त गाड्या एकाच जातीच्या असत. कागदोपत्री तिचं नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झालं होतं. पण टॅक्सीवाला असो की डॉक्टर, सगळे ‘फियाट’च म्हणत. गाडी इटलीची, घडायची मात्र कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. १९६४ च्या डिलाइट मॉडेलचा सांगाडा थोड्याफार फरकाने पुढची पस्तीसेक वर्षं चालला. म्हणून एकदा हात बसला की जन्मभर पुरायचा.

बॉनेट उघडलं की १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आणि भोवती कोपरापर्यंत हात जाईल एवढी जागा. गाडी सुरू होत नसली तर वस्ताद म्हणत, “आधी करंट बघ, मग पेट्रोल.” करंट बघायचा म्हणजे डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, कॅप काढायची. आत पॉइंट. मुगाच्या डाळीएवढी दोन टोकं, इंजिन फिरलं की सारखी उघडमीट करणारी. ती उघडतात त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. हळूहळू टोकं काळी पडतात, एकावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर कण चढतो आणि गाडी मिसिंग मारायला लागते. पॉलिश पेपरची पट्टी दुमडून दोन टोकांमधून चार वेळा ओढायची, फिलर गेज घालून गॅप लावायचा. गेज नसेल तर काडेपेटीचा पुठ्ठा. तेवढ्यावर गाडी घरी पोचे.

१९८९ च्या मे महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या कुटुंबाला नाशिकला सोडायला निघालो होतो. कसारा घाटात गाडी मेली. एसी पंप, म्हणजे इंजिनाच्या कुशीत बसवलेला पेट्रोलचा पंप, तापला होता. आत पेट्रोलची वाफ झाली की तो नुसताच फडफडतो, पेट्रोल उचलत नाही. मी बॉनेट उघडेपर्यंत मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. काही न विचारता त्याने पंपाजवळ हात नेला, चटका बसताच मागे घेतला आणि स्वतःच्या खांद्यावरचा पंचा फिरकीच्या तांब्यात बुचकळून पंपावर गुंडाळला. पंधरा मिनिटांत आम्ही वर चढत होतो. त्याच्या ट्रकला डिझेल लागायचं, तरी फियाटचं दुखणं त्याला ठाऊक होतं. हे ज्ञान रस्त्यावर सगळ्यांच्या मालकीचं होतं.

पण त्या गाड्यांचा धूरही मी प्यायलो आहे. वस्तादांचा अखेरचा खोकला ऐकलाय, म्हणून कार्बोरेटर गेल्याचं दुःख करणार नाही. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याने पुरतं काम करायचं तर एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे माप सतत सांभाळावं लागतं. कार्बोरेटर हवेच्या ओढीवर चालणारं यंत्र. थंडीतली सकाळ, सिग्नलवरचं रेसिंग, घाटाची चढण, प्रत्येक ठिकाणी त्याचं माप हलणार. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचं ऐकून इंजेक्टरला हुकूम देणारा ईसीएम आला. हे योग्यच झालं.

स्कॅनर मीही घेतला. एकदा त्याने सांगितलं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. गिऱ्हाईक सेन्सर बदलून आलं होतं, तरी दिवा जळतच होता. मी गाडी चालू ठेवून कान लावला. बारीक सुस्कारा येत होता: व्हॅक्यूमचा रबरी पाइप चिरलेला. स्कॅनर दुखतंय कुठे ते सांगतो, का दुखतंय ते शोधायला अजून माणूसच लागतो.

माझा राग आहे तो कुलपावर. २०१९ मध्ये एका गाडीचा ईसीएम पाण्याने गेला. नवा आणला, बसवला, वायरिंग तपासलं, सगळं ठीक. पण तो किल्लीशी जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर हवं, आणि ते बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. चांगली दुरुस्त झालेली गाडी टोइंगने न्यावी लागली. विकत घेतलेल्या वस्तूचं दुखणं बरं करायची परवानगी मालकाला मागावी लागते, हे मला कधीच पटणार नाही.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. त्याच्या दोन वर्षं आधी साताऱ्याकडचे एक आबा त्यांची टॅक्सी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी भंगारात द्यायची होती.

“पॉइंट मारून दे,” म्हणाले.

“आबा, उद्या तोडणार तिला.”

“मिसिंग मारत नेऊ व्हय?”

मी कॅप काढली, पॉलिश पेपरची पट्टी फाडली. ती त्यांनी माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतःच पॉइंट घासायला वाकले.