आठव्या पिढीचा आय-फाइव्ह

टॅक्सीवाल्याला डॉ. भडकमकर मार्ग सांगितला तर तो क्षणभर विचारात पडतो. लॅमिंग्टन रोड म्हटलं की मीटर पाडतो. ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या या रस्त्यावर आधी रेडिओचे भाग मिळायचे. नव्वदीत त्याच गाळ्यांत मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दिसू लागल्या. मी तिथं मशीनं असेंबल करायचो. कुणी सेकंडहँड कॉम्प्युटर मागितला, तर आमचे शेठ त्याला चक्क परत पाठवायचे. धंदा बुडवणारा सल्ला, पण खरा! १९९३ साली पेंटियम आला आणि कालपर्यंत मिरवणारे ४८६ वाले मागे पडले. विंडोज ९५ चार एमबी रॅमवर चालेल असं कंपनी सांगे. प्रत्यक्षात आठ एमबीखाली ते नुसतं रडायचं. जुन्या मशीनला किंमत नसे, असलीच तर सुट्या भागांना.

आता पुतणी विचारते, "काका, रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेऊ का?" मी म्हणतो, बिनधास्त घे. कंपन्या लीज संपली की चांगली चालती मशीनं लॉटनं विकून टाकतात. शिवाय प्रोसेसरची ती जुनी धावपळ मंदावली आहे, आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की ऑफिसचं म्हातारं खोकंही चटचट उघडतं.

पण "आय-फाइव्ह आहे, मॅडम" एवढ्यावर भुलू नये. आय-फाइव्ह २००९ पासून विकला जातोय! पिढी विचारावी. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी टीपीएम २.० सक्तीचं केलं आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनच यादीत घेतले. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सातव्या पिढीची धडधाकट मशीनं स्वस्तात दिसतात ती यामुळेच. लिनक्स वापरणाऱ्याची मात्र चंगळ. आठव्या पिढीत आणखी एक फायदा: डेस्कटॉपच्या आय-फाइव्हमध्ये चाराऐवजी सहा कोअर आले. म्हणून पुतणीला मॉडेल नंबरच लिहून दिला, ८५००. स्टिकरवर जाऊ नकोस, मशीन चालू करून स्क्रीनवर वाच.

ब्रँडेड बुटक्या कॅबिनेटची एक खोड आहे. त्यातला एसएमपीएस बहुधा त्याच कंपनीच्या मापाचा असतो. आमच्या असेंबल्ड मशीनचा जळला तर शेजारच्या गाळ्यातून आणून बसवायचो. इथं तसाच शोधत फिरावं लागतं. तेव्हा वॉरंटीत एसएमपीएस धरलाय का, ते बिलावर लिहून घ्यायचं, सीरियल नंबरसकट.